पिवळ्या गोळ्यांची सरमिसळ

तुमच्या हातात कुणी औषधाची बाटली ठेवली आणि म्हणालं, "ह्यात औषध असेल, कदाचित नसेलही, मलाही ठाऊक नाही, पण रोज न चुकता घ्या," तर तुम्ही काय कराल? लगेच उत्तर देऊ नका. धडधाकट माणसाला असल्या प्रश्नांची उत्तरं फार पटकन सुचतात. आधी असं समजा की सकाळी उठल्यावर तुम्हाला दात घासायचा ब्रश धरता येत नाही, अंगावरची चादर कोपराने ढकलावी लागते, आणि तुमचं पोट त्याच बोटांवर चालतं. मग बोला.

थोरलीने काय केलं ते ऐका, आणि ऐकताना तिला शहाणपण शिकवायची घाई करू नका. शहाणपण शिकवणारे तिला आयुष्यभर पुरून उरलेत.

थोरली म्हणजे दोघी बहिणींतली मोठी. कारखान्यात तिला तिच्या नावाने कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. ती थोरली, आणि तिच्या शेजारी बसणारी तिची सख्खी बहीण धाकटी. कारखाना चामड्याच्या पिशव्यांचा. कारखाना म्हणायचं आपलं, एक लांबलचक खोली, वर पत्रा, मधे लाकडी टेबलं, आणि चामड्याचा नि चिकटवायच्या सोल्यूशनचा असा वास की घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं तरी केसांतून हटत नाही. पिशवी मशिनवर शिवली जाते, पण तिचे पट्टे आणि कोपरे हातानेच शिवावे लागतात. आरीने भोक पाडायचं, मेण लावलेला दोरा दोन्हीकडून ओवायचा आणि बोटाला गुंडाळून खेचायचा. खेचताना दोरा बोटात रुततो. ही शिलाई जिच्या हातात बसली तिच्या करंगळीवर कायमचा वळ उमटतो. थोरलीच्या दोन्ही करंगळ्यांवर तो होता आणि ती तो अंगठीसारखा मिरवायची.

पूर्वी तिथे मुकादम कामाचे गठ्ठे वाटायचा. एका गठ्ठ्यात मऊ, पातळ चामडं, दुसऱ्यात आरी मोडेल असं जाडजूड. जी मुकादमाशी गोड बोलेल तिला मऊ, जी तोंड वर करून बोलेल तिला जाड. थोरलीच्या वाट्याला काय यायचं ते सांगायला नको. एक दिवस तिने आपला गठ्ठा सोडला, टेबलाच्या मधोमध ओतला आणि बायकांना म्हणाली, "ओता गं सगळ्याजणी. मऊ-जाड एकत्र करा, आणि मग न बघता उचला."

मुकादम धावत आला. "हे काय चाललंय?"

"सरमिसळ."

"मालकांना सांगेन मी."

"सांगा की. काम तेवढंच मिळणार आहे त्यांना. आणि आत जाताच आहात तर मऊ गठ्ठे कुणाला जातात तेही सांगा, आणि का जातात तेही."

मुकादम मालकांकडे गेला नाही. त्या दिवसापासून त्या टेबलावर रोज सकाळी सरमिसळ होते. कुणाच्या वाट्याला काय येईल ते येईल, पण कुणा एकीच्या वाट्याला सगळं वाईट येता कामा नये. थोरलीला ना फार देव होते ना फार पुस्तकं. एवढी एक गोष्ट तिने भांडून मिळवली होती आणि तिच्यावर तिचा गाढ विश्वास होता. हे नीट लक्षात घ्या. पुढे जे झालं ते अडाणीपणाने झालं असं रुग्णालयात सगळे म्हणाले. ते अडाणीपणाने झालं नाही.

दुखणं आधी धाकटीला लागलं. बोटांची पेरं सुजली, दोन्ही हातांची सारखीच, जशी आरशात बघून सुजवली असावीत. मग मनगटं. सकाळी हात म्हणजे लाकूड. दुपार होता होता जरा सैल व्हायचे. कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेली तर तो हात न लावताच म्हणाला, "कामाचे हात आहेत, दुखणारच."

"तुमचे नाही का दुखत?" धाकटीने विचारलं.

"नाही बुवा."

"म्हणजे काम..." धाकटी बोलायची थांबली, पण तेवढ्याने मागच्या बाकावरच्या बाया हसल्या. डॉक्टर लालबुंद झाला आणि त्याने तिला बिननावाच्या पांढऱ्या गोळ्या दिल्या.

त्या गोळीने जादू केली. आठवडाभर धाकटी पोरीसारखी बागडली. गोळ्या संपल्या तशी दुप्पट आखडली. पुन्हा गोळी, पुन्हा बागडणं, पुन्हा लाकूड. त्या गोळीचं नाव काय, ती किती दिवस घ्यायची, थांबवल्यावर काय होतं, हे त्या माणसाने एकदाही सांगितलं नाही. ह्यात महिन्यांवर महिने गेले. तोवर थोरलीचीही पेरं सुजू लागली होती. ती कुणाला बोलली नाही. गरम पाण्यात हात बुडवून कामावर यायची आणि पहिला तास गप्पा मारण्यात घालवायची. ही इतकी बडबडी कधीपासून झाली, असं बायका म्हणू लागल्या. शेवटी आरी हातातून पडली आणि सगळ्यांना कळलं.

मोठ्या रुग्णालयात सांध्यांच्या डॉक्टरीणबाई होत्या. बोलायला कमी, पण हात लावून बघायच्या. एकेक पेर दाबून, दुखतं का, सुजलंय का, असं मोजायच्या. रक्त तपासलं, हाडांचे फोटो काढले आणि दोघींना समोर बसवून म्हणाल्या, "हा संधिवात आहे, पण म्हातारपणाचा नाही. शरीराचे पहारेकरी चुकून आपल्याच सांध्यांवर तुटून पडतात. बहिणी-बहिणींत होऊ शकतो. लवकर औषध सुरू केलं तर हात वाचतात. उशीर झाला तर हाड कुरतडलं जातं, आणि कुरतडलेलं परत येत नाही."

"किती लवकर?" थोरलीने विचारलं.

"सुरुवातीचे महिने."

सुरुवातीचे महिने! ते कोपऱ्यावरच्या डॉक्टरने पांढऱ्या गोळीबरोबर गिळायला लावले होते. थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. पण समोर बसलेल्या बाईंचा त्यात दोष नव्हता, म्हणून ती गप्प बसली. असं गप्प बसणं तिला जड जातं.

मग बाईंनी सांगितलं की रुग्णालयात एक अभ्यास चालू आहे. ह्या दुखण्याचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच घ्यायचं, ते सगळ्यांना मिळणार. प्रश्न एवढाच की सुरुवातीला ते एकटं पुरतं, की जोडीला आणखी दोन औषधं पहिल्या दिवसापासूनच द्यावीत? एकटं पुरत असेल तर उगाच तीन-तीन औषधं कशाला पोटात ढकलायची? पुरत नसेल तर वाट बघण्यात हात का घालवायचे? म्हणून निम्म्या लोकांना तिन्ही औषधं, आणि निम्म्यांना मेथोट्रेक्सेटच्या जोडीला नुसत्या दिसायला तशा, आत काही नसलेल्या गोळ्या. पिवळ्या एका बाटलीत, पांढऱ्या दुसरीत. कुणाला काय, ते कॉम्प्युटरचं मशिन चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणार.

पुढचं समजावायचं काम बाईंनी एका तरुणावर सोपवलं. त्याला थोरलीने तिथल्या तिथे नाव ठेवलं, फायलीवाला. त्याच्या काखेत फाइल, हातात फाइल, आणि बोलणं असं की जणू मागून कुणी हाकलतंय. सगळं भराभर म्हणून दाखवलं, बोट ठेवून सह्या घेतल्या आणि दोघींना पिवळ्या-पांढऱ्या बाटल्या देऊन मोकळा झाला.

दोन महिन्यांत थोरलीची मूठ मिटू लागली. सकाळी उठून तिने स्वतःचा अंबाडा स्वतः घातला आणि आरशात स्वतःलाच डोळा मारला. भिंतीपलीकडच्या खोलीत धाकटी नि तिचा नवरा राहायचे. त्या खोलीत जाऊन बघते तर धाकटी तोंडाने बटण ओढतेय आणि तिचा नवरा, सरळ मनाचा माणूस, तिच्या वेणीशी झटापट करतोय.

"ही वेणी आहे का सुतळी?" थोरली म्हणाली.

"ताई, तुम्हीच घाला," तो म्हणाला. "मी ट्रकचे दोर बांधतो, तीच गाठ बसते हाताला."

हसणं झालं, पण थोरलीचं लक्ष धाकटीच्या बोटांवर होतं. तीच सूज, तसूभर कमी नाही. आणि एकाएकी तिला सगळं लख्ख दिसलं. मशिनने गठ्ठे वाटले होते. थोरलीला मऊ आणि धाकटीला जाड. आणि त्या मशिनला मुकादमासारखी लाजही नव्हती.

संध्याकाळी ती दोघींच्या बाटल्या घेऊन बसली. एक ताट घेतलं. पिवळ्या गोळ्या एकत्र ओतल्या, हाताने कालवल्या आणि पुन्हा दोन्ही बाटल्यांत तेवढ्याच भरल्या. मग पांढऱ्या.

"ताई, हे काय?" धाकटी घाबरली. "ह्या काय पिशव्या आहेत?"

"काय फरक आहे?"

"तुझे हात वळायला लागलेत. तू तुझं गप घे ना."

"आणि तुझ्याकडे बघत बसू? तोंड बंद ठेव आणि घे. निम्मं मला, निम्मं तुला. निम्म्यात दोघी उभ्या राहू."

"मी सांगणार त्यांना."

"सांग. मग तुझ्या ह्या नवऱ्यालाच जन्मभर वेणी घालू दे."

धाकटीने सांगितलं नाही. मेथोट्रेक्सेटला मात्र थोरलीने हात लावला नाही, ते दोघींना सारखंच होतं. दर महिन्याला फायलीवाला उरलेल्या गोळ्या मोजायचा, हिशेब जुळायचा, आणि तो म्हणायचा, "छान! तुमच्यासारखे पेशंट पाहिजेत." नव्या बाटल्या घरी आल्या की थोरली पुन्हा ताट घ्यायची.

अभ्यास सुरू झाल्यापासून सहा महिन्यांनी मोठी तपासणी आली. त्या दिवशी जे घडलं ते नीट बघा.

आधी धाकटी आत गेली, थोरली जोडीला. बाईंनी पेरं दाबली, मोजली, रक्ताचा अहवाल बघितला, त्यावरून दुखण्याचा आकडा काढला. धाकटीला थोडं बरं होतं. सूज ओसरली नव्हती, पण कमी होती. बाई म्हणाल्या, "ठीक आहे. रेषेच्या जरा खाली आलात. औषध आहे तसंच चालू ठेवू." धाकटीने थोरलीकडे बघून मान हलवली. बघ, जमलं.

मग थोरलीचा नंबर. बाई दाबत गेल्या आणि त्यांच्या कपाळावर आठी चढत गेली. "तुम्ही तर छान सुधारत होतात. आता पुन्हा सूज कशी?" फायलीवाला दारातून म्हणाला, "घेत नसतील, मॅडम. घरी टाकून देतात लोक. आणि मोजायला आणताना बरोबर आणतात."

तिथे तिचा तोल गेला.

"घेते!" ती ओरडली. "एक दिवस चुकले नाही! निम्म्या माझ्या घेते, निम्म्या हिच्या घेते! टाकून देते म्हणे. तुझ्या मशिनने हिला माती दिली नि मला औषध, मी ते सारखं केलं!"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे, नेमकं काय केलंत?"

थोरलीने सांगितलं. ताट, पिवळ्या, पांढऱ्या, सगळं. ताठ मानेने सांगितलं.

बाईंनी दोघींचे हात टेबलावर शेजारीशेजारी ठेवायला लावले. मग म्हणाल्या, "एकीला यातलं एखादं औषध बाधलं असतं तर कुणाला काय बाधलं ते मला कळलंच नसतं."

"मग बाटलीवर नाव लिहायचं."

"ते मलाही ठाऊक नाही. मुद्दामच. कुणाला काय मिळतंय ते कळलं की पेशंटला उगाच बरं वाटतं आणि डॉक्टरलाही उगाच बरं दिसतं."

"तुम्हालाही ठाऊक नाही? मग इथे ठाऊक आहे तरी कुणाला, लिफ्टवाल्याला?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी धाकटीचा अहवाल पुन्हा पुढे ओढला. "तुम्हाला एक गोष्ट सांगते, आणि ती ऐकायला बरी नाही. आजची तपासणी कशासाठी होती माहीत आहे? ज्यांना पुरेसं बरं वाटलेलं नाही, ज्यांचा आकडा रेषेच्या वर आहे, त्या सगळ्यांना आजपासून तिन्ही औषधं मिळतात. खरी. मशिनने त्यांना आधी काहीही दिलेलं असो."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. तुमच्या बहिणीलाही मिळाली असती. पण तुमच्या निम्म्या गोळ्यांनी ती रेषेच्या जरा खाली आली. म्हणून मी आत्ता तिला काय म्हटलं? आहे तेच चालू ठेवू."

धाकटीला कळायला क्षण लागला. थोरलीला नाही. तिचा चेहरा राखेसारखा झाला. स्वतःचे हात आखडवून तिने बहिणीला बरोबर तेवढंच बरं केलं होतं, जेवढ्याने तिची मदत बंद व्हावी.

पण राख फार वेळ राख राहिली नाही.

"हे आम्हाला कधी सांगितलंत?"

"सांगितलं होतं," फायलीवाला म्हणाला. "सही आहे तुमची."

"तू सांगितलं नाहीस, तू म्हटलंस. शाळेतलं पोर पाठांतर म्हणतं तसं. मधे एकदा तरी थांबलास? 'बाई, कळलं का' म्हणून विचारलंस?" ती बाईंकडे वळली. "तुम्ही का नाही बोललात? एवढी एक गोष्ट. सहा महिन्यांत बरं नाही वाटलं तर तुम्हालाही देऊ. एवढं वाक्य माझ्या कानावर नीट पडलं असतं तर मी ताट मांडून बसले असते का?"

बाई प्रामाणिक होत्या, हे कबूल करायला हवं. म्हणाल्या, "ते आम्ही फार ठसवून सांगत नाही. रेष कळली की काहीजण मुद्दाम जास्त दुखतंय म्हणतात."

"म्हणजे आम्ही खोटं बोलू, ह्या भीतीने तुम्ही खरं पुटपुटलात."

बाईंनी धाकटीच्या फोटोचं पाकीट उघडलं. उत्तर फायलीवाल्याकडे होतं. असल्या लोकांकडे नेहमीच असतं. "मॅडम, दोघींना अभ्यासातून काढावं लागेल. नियम मोडलाय. आता त्यांनी साध्या रांगेत नंबर लावावा. पुढची तारीख मिळायला तीन-चार महिने..."

बाईंनी धाकटीच्या हाताचा नवा फोटो उजेडात धरला होता. मधल्या बोटाच्या मुळाशी हाडाच्या कडेला एक बारीक खाच पडली होती. उंदराने भाकरीचा काठ कुरतडावा तशी. पहिल्या फोटोत ती नव्हती.

थोरलीने खाच बघितली. खुर्ची पुढे ओढून तिने टेबलाला टेकवली. "मला काढा. खुशाल काढा, ती करणी माझी आहे. पण हिला औषध मिळाल्याशिवाय मी इथून उठत नाही. माणसं बोलवा, उचला मला. सांध्यांच्या पेशंटला कुठे धरून उचलायचं ते तुम्हालाच माहीत."

"ताई, ऊठ गं," धाकटी रडकुंडीला आली. "तमाशा नको."

"तमाशा सहा महिने चाललाय. आत्ता कुठे मी तिकीट मागतेय."

बाहेरच्या बाकावरचे लोक दारात गोळा झाले. एक म्हातारा, त्याची बोटं केव्हाच वाकून गेलेली, तो शेजारणीला विचारू लागला, "ती रेष कसली म्हणाली ती? आपल्यालापण आहे का ती रेष?" त्यालाही कुणी सांगितलेलं नव्हतं. फायलीवाला दार लावायला गेला, तर म्हाताऱ्याने आपली काठी दारात आडवी घातली.

डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला. औषधभांडाराला विचारून दोघींची कुलूपबंद माहिती उघडायला लावली. थोरलीच्या बाटल्यांत खरी औषधं होती, धाकटीच्या बाटल्यांत काही नव्हतं. थोरलीचा अंदाज अगदी बरोबर होता, आणि तरी तिची चूक झाली होती. "अभ्यासातून दोघींनाही काढावंच लागेल," बाई म्हणाल्या, "पण उपचारातून नाही." त्यांनी स्वतःच्या हाताने दोघींना तिन्ही औषधं लिहून दिली, रुग्णालयाच्या साध्या भांडारातून, आजपासून. मग त्या उठल्या, दारातल्या गर्दीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हाताऱ्याला त्या रेषेचा अर्थ सांगू लागल्या. ह्या वेळी थांबून, कळलं का, असं विचारत. थोरलीचं त्याने समाधान झालं नाही. हे पहिल्या दिवशी करायला कुणी हात धरला होता?

थोरलीची मूठ पुन्हा मिटू लागली, आणि धाकटीची सूज पुढच्या हिवाळ्यापर्यंत उतरली. ती स्वतःची वेणी घालते. तिच्या नवऱ्याला हायसं वाटलं, वेणीलाही वाटलं असेल. पण उजव्या हाताचं मधलं बोट आता सरळ होत नाही. त्या बोटाने दोरा खेचता येत नाही म्हणून ती शेजारच्या बोटाने खेचायला शिकली. कामाचा वेग गेला. टेबलावर अजूनही सरमिसळ होते. जाड चामडं वाट्याला आलं की धाकटी तेही शिवते, कुणी बदलून देऊ केलं तर खेकसते. थोरली शेजारी बसून ते वाकडं बोट रोज बघते. त्यातला कितीसा वाकडेपणा कोपऱ्यावरच्या डॉक्टरचा, किती त्या पुटपुटण्याचा आणि किती आपल्या ताटाचा, हे तिला ठरवता येत नाही, आणि म्हणून तिचा राग कुठे टेकतच नाही. एकदा धाकटी म्हणाली, "सोड गं ताई, झालं ते झालं." त्यावर थोरलीने तिला असं काही सुनावलं की दोघी आठवडाभर बोलत नव्हत्या.

तेव्हा आता तुमच्याकडे एक मागणं आहे. असल्या अभ्यासात तुम्हाला किंवा तुमच्या कुणाला बोलावलं तर पळून जाऊ नका. कुठलं औषध सरस हे तसंच कळतं, आणि थोरलीला जे औषध लागू पडलं तेही कुणीतरी असंच घेऊन बघितलेलं होतं. दिलेल्या गोळ्या ठरल्याप्रमाणे घ्या, कुणाला वाटू नका. पण सही करण्याआधी समोरच्याला विचारा, "मला बरं वाटलं नाही तर तुम्ही काय करणार, आणि कधी?" तो घाईत असेल, आठी घालेल, घड्याळ बघेल. बघू दे. उत्तर तुमच्या डोक्यात नीट उतरेपर्यंत त्या खुर्चीवरून उठू नका.